कोणता खांदा?

बेकरीवाल्याला कोणी काही विचारलं की उत्तर त्याची बायको द्यायची. चष्म्याचा नंबर काय, चहात साखर किती, आज तोंड का फुगलंय, सगळं तिला तोंडपाठ. त्यालाही ते सोयीचंच होतं. बोलायचा त्याला मुळात कंटाळा.

जन्म भट्टीपुढे उभं राहण्यात गेला आणि आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. लेकीने कुठेतरी वाचलं की अंगभर गारठ्याचा उपचार असतो, बर्फाहून गार खोलीत दोन-तीन मिनिटं उभं राहायचं, खेळाडू घेतात, आणि वडिलांच्या वाढदिवसाला पैसे भरून मोकळी झाली. गुडघे असेच राहिले तर भट्टी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागेल, ही धास्ती त्याने कुणाला बोलून दाखवली नव्हती. बायकोला अर्थातच ती माहीत होती. म्हणून तर त्याचे कपडे सांभाळायच्या नावाखाली ती सोबत आली होती.

उपचार केंद्रातली मुलगी बोलायला गोड, पण नियमाला पक्की.

"काका, यानं गुडघा बरा होईल असं मी म्हणणार नाही. काहींना थोडा वेळ दुखणं कमी वाटतं, एवढंच."

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. तरी आलोच आहोत तर घेऊन टाकू, असं त्याने मनाशी ठरवलं.

"हृदयाचा काही त्रास?"

"नाही," बायको म्हणाली.

"गार पाण्यानं अंगावर गांधी उठतात? हातपाय बधिर होतात?"

"त्यांना? छे."

"ब्लडप्रेशर?"

इथे मात्र बायको अडखळली. ते कधी कुणी मोजलंच नव्हतं. मुलीने मोजलं, थोडं थांबून पुन्हा मोजलं आणि पट्टा सोडून ठेवला.

"आज नाही काका. गारठ्यात रक्तवाहिन्या आवळतात, प्रेशर आणखी चढतं. आधी डॉक्टरांना दाखवा."

"मी थंडीला भीक घालत नाही."

"थंडीला नका घालू. माझं तेवढं ऐका."

पैसे तर भरलेले. मुलगी बायकोकडे वळली. "काकू, तुम्ही घेऊन बघता का? तुमचं काही दुखतं?"

या वेळी उत्तर द्यायची पाळी आपली, असं बेकरीवाल्याला वाटलं. "तिला काही नाही," तो ठसक्यात म्हणाला. "ठणठणीत आहे."

"खांदा दुखतो," बायको म्हणाली. "दोन वर्षं झाली."

बेकरीवाला तिच्याकडे बघतच राहिला.

तिचं प्रेशर नीट निघालं, बाकी प्रश्नांनाही नकार आला. मग तयारी सुरू झाली. कानातलं उतरवलं, हाताला लावलेलं क्रीम पुसलं. अंग कोरडं ठणठणीत हवं, ओली कातडी गारठ्यानेही भाजते, असं मुलगी म्हणाली तेव्हा भट्टीवर आयुष्य काढलेला माणूस चमकलाच. कोरडे मोजे, जाड हातमोजे, कानटोपी, तोंडाला मास्क. तीन मिनिटांच्या वर थांबायचं नाही, नकोसं वाटलं तर लगेच बाहेर यायचं. दाराला कडी नव्हती.

"काका, तुम्ही काचेशी उभे राहा आणि या माइकवर बोलत राहा. उत्तर येतंय तोवर त्या बऱ्या आहेत असं समजायचं."

बायको आत गेली. बेकरीवाला घसा खाकरून म्हणाला, "गार आहे का गं?"

"नाही, उकडतंय."

बोलण्यासारखं एवढंच होतं त्याच्याजवळ. पण विचारायचं एक राहिलं होतं.

"कोणता?"

"काय कोणता?"

"खांदा."

तिने उजवा हात वर उचलला. जाड हातमोजा कानाच्या उंचीपर्यंत आला आणि तिथेच थांबला, पुढे जाईना. त्याच हाताने ती रोज भरलेले ट्रे त्याच्या पुढ्यात आणून ठेवायची, त्याच्या गुडघ्यांना येरझाऱ्या नकोत म्हणून. दोन वर्षं तो ते ट्रे घेत होता. ट्रेकडे बघून घेत होता.

"काका, बोलत राहा," मुलगी म्हणाली.

त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला. मुलीने वळून पाहिलं. "काका, काय होतंय? बरे आहात ना?"

उत्तर आतून आलं, मास्कमधून, कुडकुडत.

"त्यांना काही झालेलं नाही. भट्टीच्या धुरानं डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या."