एका घराचं एक लाकूड

लडकू मला पहिल्यांदा नीट दिसला तो मी शिकवतो त्या शाळेच्या खिडकीतून. भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडीपासून आत, डोंगराला लागून असलेला पाडा. होळी होऊन गेली होती, वर्गात पाढे चालले होते, आणि समोरच्या पडवीत एक उघडा माणूस ऐनाचं लाकूड दुसऱ्यावर ठोकून त्याचा आवाज ऐकत होता. खणखणीत वाजलं तर सुकलं, रचलेल्या थरावर; बद्द वाजलं तर परत उन्हात.

बांधावरच्या झाडांच्या फांद्या आणि रानात पडलेलं सुकं, एवढंच तो आणी. खाली दगड, वर फोडलेली लाकडं, साल वरच्या अंगाला. त्यातला भिंतीकडचा थर मात्र चुलीसाठी नसे. पाड्यावर कुणी वारलं की प्रत्येक घरानं चितेसाठी एक लाकूड घेऊन जायचं, ही इथली रीत. घरोघरी गॅस आला, लाकडं साठवणं सुटलं, रीत तेवढी राहिली. मग भर पावसात कुणी गेलं की सगळे आधी लडकूच्या पडवीत. तो प्रत्येकाच्या हातात एकेक लाकूड देई, शेवटचं स्वतः उचली आणि सगळ्यांच्या मागून चालू लागे.

शेजारचा अनंता त्याचा लहानपणापासूनचा सोबती. तो येता-जाता टोमणा मारी.

"लडक्या, ही लाकडं हायत का नागोबाचा बंगला?"

"तुझ्यासाठीच ठेवलीत."

"मग जाड बघून ठेव. मी हाडापेराचा हाय, दोन काटक्यांत भागायचा न्हाय."

गेल्या वर्षी लडकूच्या बायकोचा, पदूबाईचा दम वाढला. चाळीस वर्षांचा धूर छातीत बसलाय, डॉक्टर म्हणाले. चूल बंद करा, हवेशीर जागेत झोपवा. घरात हवेशीर जागा एकच, पडवी. मुलगा कुणाल राहनाळच्या गोडाऊनमध्ये माल लावतो. तो सुट्टी घेऊन आला.

"बाबा, आई झोपणार कुठे? लाकडांवर?"

"भिंतीकडची तरी ऱ्हाऊ दे."

"वाळवी, धूळ, बुरशी. डॉक्टर काय बोलले ऐकलं ना?"

"तुमच्या गोडाऊनात असं लावता येतं का कुणाला? बघ, एक लाकूड हलत न्हाय."

"मस्त लावलंय, बाबा. पण हलवायचंय."

आतून पदूबाईचा खोकला आला. थांबेचना. लडकू उठला आणि पहिलं लाकूड त्यानंच काढलं.

भिवंडीच्या एका बेकरीचा टेम्पो सगळं भरून घेऊन गेला. पडवीत फरशी बसली, खिडकी आली. पावसाआधी शेतावर नवा थर रचू, असं लडकूनं ठरवलं होतं. पण चैत्र-वैशाख दवाखान्याच्या फेऱ्यांत गेले आणि तो रचायचा राहिला.

श्रावणात अनंता गोठ्यातच कोसळला, तो उठलाच नाही. बातमी फिरली तशी माणसं सवयीनं लडकूच्या पडवीत आली. छत्र्या मिटून उभी राहिली. लोखंडी खाटेवर पदूबाई उठून बसली, तिनं पदर सावरला. शेवटी एकानं अंबाडीच्या वखारीला फोन लावला. तिथली लाकडंही भिजलेलीच होती.

"ओलं तर ओलं, आणा. डिझेल घ्या बरोबर," कुणीतरी म्हणालं.

लडकूनं माळा बघितला, गोठा बघितला. प्लास्टिकच्या खुर्च्या, सिलेंडर, पत्रा. लाकडाचा तुकडा सापडेना. आजवर सगळ्या पाड्याला त्यानं लाकूड दिलं होतं, आणि अनंताच्या दारात तो रिकाम्या हातानं उभा राहणार होता. मग त्यानं खुंटीवरची कुऱ्हाड काढली. धामणीच्या लाकडाचा दांडा, तीस वर्षं हातात गुळगुळीत झालेला. उंबऱ्यावर आपटून त्यानं पातं सैल केलं.

"अवो, ह्यं काय करताय?" पदूबाई म्हणाली.

"घराचं लाकूड न्यायला नको?"

चितेच्या ओल्या लाकडांच्या मधोमध त्यानं तो दांडा ठेवला. संध्याकाळपर्यंत नुसता धूर होत होता. माणसं डोळे पुसत एकेक करून निघाली. लडकू तिथंच बसून राहिला.

यंदाची होळी होऊन गेली. पदूबाईचा दम पुष्कळ कमी आहे. ती लाकडांच्या जागी झोपते.

"दादा, यंदा रानात जायचं न्हाय का?" लोक विचारतात.

"बघू," लडकू म्हणतो.

कुऱ्हाडीचं पातं पडवीच्या खिडकीत, औषधांच्या डब्याशेजारी आहे. त्याला अजून दांडा बसवलेला नाही.