पहिल्या फेरीत गाठ कुणाशी?

आमच्या टेनिस कोर्टामागे घाणेरीचं रान माजलंय. वर्षानुवर्षं त्यात चेंडू जातात आणि परत म्हणून येत नाहीत. किश्श्यांचं बरोबर उलटं! त्यांना कुणी आणायला जात नाही, ते आपले आपण येऊन पडतात, आणि हरवावेत म्हटलं तरी हरवत नाहीत.

आमचा ग्रुप चौघांचा. एक मी, कन्याशाळेत जन्मभर पीटी शिकवलेली बाई. गळ्यातली शिट्टी गेली, आवाज तेवढा राहिला. दुसरे कांबळेसाहेब, बँकेतून रिटायर झालेले, अतिशय अभ्यासू. तिसरा हुपरीचा सुनील, चांदीच्या पैंजणांचा व्यापारी. आणि चौथे आप्पा वस्ताद, जुने पैलवान. वस्तादांनी रॅकेट कधी हातात धरली नाही. कोर्टाला लागून त्यांचा म्हशींचा गोठा आहे. धारा काढून झाल्या की ते आमच्या बाकावर येऊन बसतात आणि खेळणाऱ्यांपेक्षा जास्त दमतात.

पाडव्याला पंचांग वाचतात, तसं मे महिन्यात आमच्याकडे ड्रॉ-वाचन असतं. पॅरिसच्या लाल मातीवरची ग्रँड स्लॅम सुरू व्हायच्या आधी सिंगल्सचे ड्रॉ जाहीर होतात. सुनील त्यांची मोठ्ठी प्रिंट काढून भिंतीला चिकटवतो. मग भडंग खात खात कांबळेसाहेब सांगतात, कोण कुठवर जाणार.

०००

'लाल माती' एवढे दोन शब्द कानावर पडले म्हणून वस्ताद पहिल्यांदा वाचनाला आले.

"कसलं पत्रक म्हणायचं हे?"

"ड्रॉ आहे, वस्ताद."

"अजून खेळ सुरू न्हाय, तवर ड्रॉ? मग एवढी माणसं बोलीवली कशाला? बरोबरीतच सोडवायची तर आधी लढू तरी द्या की!"

साहेबांनी शांतपणे समजावलं. ड्रॉ म्हणजे इथे बरोबरी नव्हे. कोण कुणाशी खेळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, त्याला ड्रॉ म्हणतात.

"मग सरळ म्हणा की, कुणाची कुणाशी गाठ!"

झालं! तेव्हापासून आमच्यात तोच शब्द रूढ झाला. कुणाचंही नाव निघालं की वस्ताद विचारणार, "पहिल्या फेरीत गाठ कुणाशी?"

पहिली मॅच मात्र त्यांना अजिबात पसंत पडली नाही. टीव्हीसमोरून उठताना म्हणाले, "नुसती घसरत्यात. लोळत एक न्हाय. माती वाया गेली!"

०००

मग मानांकन आलं. बड्या खेळाडूंना ड्रॉमध्ये लांब लांब ठेवतात, म्हणजे त्यांची आपसात गाठ लवकर पडत नाही, हे साहेबांनी सांगितलं आणि सुनीलचे डोळे चमकले. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं, आणि घरात चार मामा. चौघांचं एकमेकांशी वाकडं.

"सायेब, आमच्या मामांचा ड्रॉ काढा की!"

साहेबांनी खरंच काढला! हॉलच्या चार कोपऱ्यांत चार मामा, मध्ये वऱ्हाडाची भिंत. जेवणं सुरळीत पार पडली. साहेब माझ्याकडे पाहून समाधानानं मान डोलावतायत, तोच बेसिनकडून आरडाओरडा ऐकू आला. हात धुवायला दोन मामा एकाच वेळी उठले होते!

सुनील धावत आला. "सायेब, सेमीफायनल लागली ओ!"

०००

साहेबांचा अभ्यास दांडगा. फक्त भाकीत कधी खरं ठरत नाही. ते विजेत्याच्या चौकोनात नाव लिहितात आणि तो खेळाडू पहिल्याच फेरीत गारद होतो. एका वर्षी त्यांनी महिलांमधल्या अव्वल मानांकित मुलीचं नाव लिहिलं. आमचं भडंग संपायच्या आत बातमी आली, पाय मुरगळला, माघार!

वस्तादांनी या विद्येचा उपयोग करून घेतला. हातकणंगल्याकडच्या एका जत्रेत त्यांच्या भाच्याची कुस्ती होती. साहेबांना टेम्पोत घालून नेलं, सगळ्यात पुढं बसवलं आणि म्हणाले, "सायेब, मोठ्यांदा सांगा, कोण जिकतंय?"

साहेब प्रामाणिक. "तुमचा भाचा तयारीचा दिसतो..."

वस्तादांनी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला. "आवो, समोरच्याचं नाव घ्या! समोरच्याचं!"

साहेबांनी घेतलं. भाच्यानं समोरच्याला अस्मान दाखवलं.

०००

आमच्या कोर्टावर प्रौढांची स्पर्धा भरली तेव्हाची गंमत. खेळाडू कमी पडले, म्हणून सुनीलला प्रतिस्पर्धीच मिळाला नाही. फळ्यावर लिहिलं होतं, 'सुनील – बाय'.

वस्तादांनी वाचलं. "सुन्याची मॅच बायशी लावलीया? कुठल्या बायशी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं!

सुनीलनं ते वेगळंच वाचलं. त्याला वाटलं, आपल्याला निरोप दिला. तो रागारागानं किट उचलून हुपरीच्या एसटीत बसला. मी फोनवर ओरडून सांगितलं, "अरे, बाय म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत! परत ये!"

साहेब म्हणाले, "नशीबवान आहे. ग्रँड स्लॅमच्या सिंगल्समध्ये बाय कुणालाच नसतो. नंबर एकलासुद्धा पहिली फेरी खेळावीच लागते."

०००

यंदाच्या वाचनाला साहेब आले, पण भडंगाला हात लावला नाही, विजेत्याचा चौकोनही कोराच ठेवला.

वस्तादांनी सवयीनं विचारलं, "काय सायेब, पहिल्या फेरीत गाठ कुणाशी?"

साहेबांचा हात मानेकडे गेला. "गाठ मलाच आलीय, वस्ताद. मानेत. तुकडा तपासायला दिलाय."

 साहेब पुढे म्हणाले, "माझं मन सांगतंय, कॅन्सरच निघणार."

एरवी मी मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडते. तेव्हा मात्र मी भिंतीवरच्या ड्रॉचा सुटलेला कोपरा दाबत राहिले.  वस्ताद ताडकन उठले.

"काय म्हणलासा? परत म्हणा."

"कॅन्सर निघणार."

"मनापासनं म्हणताय न्हवं?"

"अगदी मनापासून."

"हात्तिच्या! मग मिटलं की!" वस्तादांनी भडंगाची मूठ तोंडात टाकली. "आजवर तुमचं एक तरी बरोबर आलंय का?"

साहेबांना हसू आलं, आम्हालाही आलं. पण वस्तादांच्या मुठीतलं निम्मं भडंग खाली सांडलं होतं. 

०००

रिपोर्टच्या दिवशी सकाळपासून आम्ही तिघं कोर्टावरच बसून होतो. कुणी रॅकेट काढली नाही. दुपारी ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला.

'रिपोर्ट आला. बाय.'

सुनीलचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई, सायबांनी निरोप घेतला ओ!"

फोन लावला, उचलेनात. वस्तादांनी दुधाचा टेम्पो काढला, आम्ही त्यात चढलो. मागे रिकामे कॅन खणखणत होते आणि वस्ताद वाटेतल्या प्रत्येकाला शिव्या घालत होते.

साहेबांच्या घराचं दार वैनींनी उघडलं. "बरं झालं आलात! आत्ताच आमरस केलाय."

आत कांबळेसाहेब वाटीला तोंड लावून बसले होते! ओठांवर रसाच्या पिवळ्या मिशा.

"काय झालं? मेसेज नाही मिळाला?" ते म्हणाले. "अहो, बाय! ड्रॉमधला बाय! साधी चरबीची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काही करायची गरज नाही. न खेळता पुढच्या फेरीत!"

मी त्यांना असं काही झापलं, की शेजारचे गॅलरीत आले. असला मेसेज करतात का माणसं? फोन कुठाय तुमचा? आणि बोलता बोलता मला रडूच कोसळलं. जीव भांड्यात पडला म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. सुनील माझ्या आधीपासून रडत होता.

 साहेबांच्या पाठीत वस्तादांनी एक पैलवानी थाप घातली, तसा रस सदऱ्यावर सांडला. मग भिंतीवरून काढून आणलेला ड्रॉ त्यांनी टेबलावर पसरला आणि कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हं, सायेब. आता भरा."

साहेबांनी चष्मा लावला. बराच वेळ विचार केला, आणि अव्वल मानांकित खेळाडूचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं.

वस्ताद सुनीलकडे वळले. "सुन्या, पॅरिसला फोन लाव रं. त्या पोराला म्हणावं, बॅग भर!"