पडद्यावरची तिसरी ओळ

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर अवेळी आठवते ती इंदापूर ठाण्यातली एक चौकशी. तिच्यात रक्ताचा थेंब नव्हता. गुन्हासुद्धा नव्हता, हे शेवटी कळले.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. लोणी देवकरच्या बाजूला यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याचे व्यवस्थापक दसरा झाल्यावर ठाण्यात आले. कारखान्याने वर्षभरापूर्वी सगळा कारभार संगणकावर नेला होता. भागांची रेखाचित्रे एका संगणकात साठवायची आणि बाकीच्या संगणकांवरून ती उघडायची, अशी सोय. कागदी नकाशे जागा अडवतात म्हणून रद्दीत गेले होते. आता एकही रेखाचित्र उघडत नव्हते. काम बंद पडले होते आणि परदेशी जाणारा माल अडकला होता. पुण्याच्या संगणक अभियंत्याने फोनवर सांगितले, साठ्याचा संगणक रिकामा दिसतोय तर कुणीतरी सगळे पुसले आहे.

"कुणी पुसलं तेही मशीनच सांगतंय," व्यवस्थापक म्हणाले. "चित्र उघडायला गेलं की पडद्यावर त्याचं नाव येतं."

नाव होते रेखाचित्रांची नोंद ठेवणाऱ्या कारकुनाचे. चाळिशीचा माणूस, सुप्याच्या बाजूचा. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरे होती. नोकरीला लागलेला घरातला हा पहिलाच. मी लेखी तक्रार घेतली, स्टेशन डायरीला नोंद केली. गुन्हा लगेच दाखल केला नाही, कारण काय चोरीला गेले हे मला कुणी नीट सांगू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी खबर आली. हा कारकून इंदापूरच्या स्टँडवर जीपमधून आलेल्या एका अनोळखी माणसाला जाड पाकीट देताना दिसला होता. व्यवस्थापकांना शंका उरली नाही. रेखाचित्रे स्पर्धकाला विकली गेली.

मी त्याला चौकशीला बोलावले. हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली होती. तो खुर्चीच्या कडेला बसला. पाकिटाचे विचारले तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "लेकीची पत्रिका आन् फोटू व्हता साहेब. त्ये कऱ्हाटीचे पाव्हणे, पोराचे मामा. सोयरीक जमत आलीया. एवढं गावात कळू दिऊ नका."

असे उत्तर मी पुष्कळ ऐकले होते. खरे असते तसे खोटेही असते, आणि पडताळल्याशिवाय ते फायलीत लिहिता येत नाही. आमचा हवालदार बारामती तालुका ठाण्यात नोंद करून कऱ्हाटीला गेला. मामा भेटले, पाकीट दाखवले, जबाब दिला. पत्रिका होती, फोटो होता. खबरीतला संशय खोटा ठरला. हवालदार गणवेशात गेला होता आणि जबाब गावादेखत ओट्यावर झाला होता, याची नोंद करायला आमच्याकडे रकाना नाही.

तरी पडद्यावरचे नाव उरलेच होते. कारकुनाला रोज सकाळी ठाण्यात यावे लागे. बाजाराला आलेले ओळखीचे लोक बाकावर बसलेला तो पाहत आणि न बोलता पुढे जात. हवालदार त्याला चिडवी, "काय राव, कारखान्यापरास इथलीच हजेरी पक्की झाली की तुमची." सुरुवातीला तो कसनुसा हसे. मग हसणे थांबले. एके दिवशी त्याने आपणहून मला गाठले.

"लिव्हून घ्या साहेब, म्याच केलं."

"कसं केलंत?"

"त्ये न्हाय सांगता येत. पन मशीन काय खोटं बोलंल व्हय? माझंच बोट कुठंतरी पडलं आसंल."

कबुलीजबाब मी बरेच ऐकले आहेत. मार चुकवायला, भावाला वाचवायला, दारूच्या नशेत दिलेले. पण पडद्यावर आपले नाव पाहून स्वतःवरचाच विश्वास उडालेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी काही लिहून घेतले नाही. व्यवस्थापकांना सांगितले, अभियंता फोनवर नको, समोर पाहिजे.

तो पुण्याहून आला. त्याने एक रेखाचित्र उघडायला घेतले आणि पडद्यावर इंग्रजी चौकट उमटली. मी म्हटले, पूर्ण वाचा. ओळी तीन होत्या. पहिली म्हणत होती, साठ्याचा संगणक सापडत नाही. दुसरी, जोडणी तपासा. तिसरी, या चित्रात शेवटचा बदल करणारा अमुक. कारखान्यात सर्वांनी तिसरीच वाचली होती, कारण तिच्यात ओळखीचे नाव होते. फोनवरही तेवढीच सांगितली गेली.

"सापडत नाही कसा? हा काय समोर आहे," व्यवस्थापक म्हणाले.

"तो हाच, कशावरून?" मी विचारले.

बंद पडल्याची वेळ मला आधीपासून खटकत होती. खंडेनवमीला आमच्या ठाण्यातही शस्त्रपूजा होते. बंदुका रॅकमधून काढतो, पुसतो, हळदकुंकू वाहतो आणि नंतर प्रत्येक बंदूक तिच्या क्रमांकाच्या खाचेत परत जाते. कारखान्यानेही त्या दिवशी सगळे संगणक सोडवून एका सतरंजीवर पूजेला मांडले होते. पेट्या सारख्याच पांढऱ्या, क्रमांक कुणावरच नाही. परत ठेवताना ज्याच्या हाताला जी आली ती त्याने उचलली.

पॅकिंगच्या शेडमध्ये पत्ते टाइप करायला एक संगणक होता. त्याला बाकीच्यांशी जोडणारी तारच नव्हती. साठ्याची पेटी पूजेनंतर तिथे जाऊन पडली होती; अभियंत्याने ती आणून जोडली. सगळी रेखाचित्रे जागच्या जागी होती.

व्यवस्थापकांनी तक्रार मागे घेतली, मी चौकशी बंद केली. कारकुनाची नोकरी राहिली, पण त्याला गेटवर बसवले. रेखाचित्रांच्या खोलीत आता दुसरा माणूस बरा, असे ठरले म्हणे. का, ते कुणी सांगितले नाही.

सोयरीक मोडली होती. मी साध्या कपड्यात कऱ्हाटीला गेलो. मामांनी चहा पाजला, सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"पटतंय साहेब तुमचं. पन आमच्या दारात पोलीस दोनदा आलं. ज्याचं काय नसतं त्येच्यापायी एकदाबी येत न्हाईत, असं लोक म्हनत्यात. आमाला लोकांत ऱ्हायचंय."

परत येऊन मी कारकुनाला हे सांगितले.  तो म्हणाला, "साहेब, म्या काय केलं न्हाय, असा ठाण्याच्या शिक्क्याचा कागद मिळंल का? दुसरीकडं दाखवाया."

मी त्याला नाही म्हणालो. अटकेचा नमुना असतो, जामिनाचा असतो, तपासाच्या समाप्तीचाही असतो. त्याच्यावर तर गुन्हाच दाखल नव्हता. मग सुटका कशातून दाखवणार? कायद्याने त्याच्यावर कधी काही आलेच नव्हते.

नव्या अधिकाऱ्यांना मी सांगत आलो, समोर आलेला मजकूर पहिल्या ओळीपासून वाचा. ते शिकता येते. पण त्या चौकशीने शिकवलेली दुसरी गोष्ट मी कुणाला सांगितली नाही, कारण तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही. आम्ही तपास बरोबर केला. खबर पडताळली, मारहाण केली नाही, खोटी कबुली घेतली नाही, निरपराध माणूस सोडवला. आणि बरोबर केलेल्या त्याच तपासात त्याच्या लेकीचे जमत आलेले लग्न मोडले.