अजिनाथचा दात

भिंगारच्या एका बँडमध्ये अजिनाथ क्लॅरोनेट वाजवायचा. पंचवीस वर्षं वरातीच्या पहिल्या रांगेत तोच. गाडीवरून पडून त्याचा समोरचा वरचा दात गेला, तेव्हा हाडात धातूची खुंटी रोवून, तिच्यावर बारीक स्क्रूनं त्यानं नवा दात बसवून घेतला. दाताशिवाय क्लॅरोनेट धरायचं तरी कशाच्या आधारानं?

दोन वर्षं बरी गेली. मग एका हळदीत वाजवता वाजवता दात सुटून तोंडात आला.

सावेडीच्या दातांच्या डॉक्टर स्नेहलनं एक्स-रे काढला. "काका, स्क्रू आतच तुटलाय. काढताना खुंटीचे आटे गेले, तर खुंटीच उपटावी लागेल."

यंत्राची बारीक थरथरणारी सुई स्क्रूच्या तुकड्यावर टेकवून डॉक्टर तो उलटा फिरवू लागली. दोनदा सुई निसटली. अजिनाथनं खुर्चीचे हात घट्ट धरले. बऱ्याच वेळानं तिळाएवढा तुकडा बाहेर आला. आटे वाचले होते. नवा स्क्रू पिळून तिनं दात जागेवर बसवला आणि विचारलं, "वाजवताना याच दातावर जोर येतो का?"

"त्याबिगर सूर निघत न्हाई, मॅडम."

"मग वाजवणं सोडावं लागेल. पुन्हा स्क्रू तुटला, तर तुकडा निघेलच असं नाही."

"हळू वाजवलं तर?"

तिनं तो तिळाएवढा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

घरी बायकोला, केशरला, हायसं वाटलं. "झालं ना नीट? आता भाकरी चावून खा," ती म्हणाली. तो जेवलाच नाही. मागच्या खोलीत जाऊन, दातावर जोर येऊ नये म्हणून त्यानं वरचा ओठ दातावर दुमडून घेतला आणि क्लॅरोनेट फुंकून पाहिलं. वारा कडेनं निसटला, सूर चिरका निघाला. आठवडाभर रोज तेच. ओठ सोलून निघाला, तेव्हा केशरनं क्लॅरोनेट पेटीत ठेवून दिलं.

बँडचा मालक गोरक्ष जुना दोस्त. त्यानं अजिनाथच्या हाती खुळखुळा दिला, मागच्या रांगेत उभं केलं. पहिल्या रांगेत त्याच्या जागी कीबोर्ड आला.

एका वरातीत नवरदेवाची आत्या जवळ आली. "मागं आमच्याकडं तुमच्यातले एक जण क्लॅरोनेट लई ग्वाड वाजवायचे. हायेत का ते?"

"न्हाई," अजिनाथ म्हणाला, "ते आता येत न्हाईत."

वरात पुढं सरकली. तो खुळखुळा हलवत मागं चालत राहिला.