ह्यांच्या नंबरवरून येणारं गणित

शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात मी सकाळी नऊला मशीनवर बसते ती संध्याकाळी सातला उठते. मुलगी दहावीत. शाळेतून आली की घरात एकटीच. गृहपाठ शाळेच्या ग्रुपवर येतो, म्हणजे हातात फोन देणं आलंच. म्हणून ह्यांचा फोन तिला दिला. हे जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

नियम मी घातला. फोन अभ्यासापुरताच, आणि गणित सोडवून झालं की वहीचा फोटो मला पाठवायचा. चहाच्या सुट्टीत मी अंगठा पाठवायची. शेजारच्या मशीनवरची म्हणाली, "लई कडक हायस बाई तू." मला बरं वाटलं होतं. त्या दिवसांत बरं वाटलेलं तेवढंच आठवतं.

खरं सांगायचं तर मी फोटो उघडतच नव्हते. तो नंबर माझ्या फोनमध्ये अजून ह्यांच्याच नावानं होता, वर ह्यांचाच चेहरा. ते बदलायला हात धजत नव्हता. नाव दिसलं की अंगठा पाठवायचा आणि फोन पालथा ठेवायचा. आत काही हलायचं नाही. मग पुढची कॉलर घ्यायची.

सहामाहीत ती गणितात नापास झाली. बाईंनी मला शाळेत बोलावून वही पुढ्यात ठेवली. गणपतीनंतरची पानं कोरी. "रोज फोटो येतात की!" म्हणत मी तोऱ्यात फोन काढला.

एकच पान. रोज तेच गणित, तीच खाडाखोड, आणि खाली माझा अंगठा. मी मागे मागे सरकवत गेले. एका फोटोत गणित नव्हतंच. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'आई, आज अभ्यास केला नाही. बाबांचे व्हिडिओ बघत बसले. रागवू नकोस.' त्याच्याखालीही अंगठाच होता. बाई काहीतरी विचारत होत्या. मी हो म्हणाले.

घरी आले तेव्हा ती माझ्याकडं न बघता भांडी लावत होती. मी म्हणाले, "मला तोंडानं सांगायचं नाही का?"

"तू कुठं बोलतेस?"

हे खरं होतं. मला स्वतःची लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

"कुठला व्हिडिओ बघतेस? लाव."

ती शेजारी येऊन बसली. उन्हाळ्यात हे कूलरचं गवत बदलत होते, तेव्हाचा तिनंच काढलेला व्हिडिओ होता. बनियन भिजलेला, कपाळाला गवत चिकटलेलं. एकदम मान वर करून म्हणाले, "शूटिंग राहू द्या, कळशी आणा की कुणीतरी!"

मी उठले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले.

मागून ती हळूच म्हणाली, "मीपण उठले होते गं, पहिल्यांदा."