समोरचा दुसरा डॉक्टर

महाडमध्ये तेव्हा बाळंतपणाचे खासगी दवाखाने दोनच होते, एकाच रस्त्यावर समोरासमोर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते एक झाले; इमारती आणि डॉक्टर तेच, कारभार एक. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. 'रुग्णांना सर्व सेवा एकत्र' हे त्यांचे पत्रक मी चार ओळींत छापून आणले आणि विसरलो.

पोलादपूरकडच्या गावांत एक रीत होती. एका डॉक्टरने ऑपरेशन सांगितले की त्याचा कागद घडी करून पिशवीत टाकायचा आणि रस्ता ओलांडून दुसऱ्याकडे जायचे. पहिल्याचा विषयही काढायचा नाही. दोघांचे मत एक आले तरच ऑपरेशन.

महिनाभराने त्याच भागातल्या कापडे गावची एक सासू मला त्या दवाखान्याच्या पायरीवर भेटली. शेजारी सून, पहिलटकरीण, दिवस भरलेले. मूल आडवे आहे, कळा सुरू व्हायच्या आत ऑपरेशन करू, असे पहिल्या डॉक्टरांनी सांगितले होते. सुनेला पायरीवर बसवून सासू रीतीप्रमाणे समोर विचारून आली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर सुनेची फाईल आधीच पोहोचली होती.

"हिला आत बोलावलं पन नाय," सासू म्हणाली. "कागुद वाचला नि बोलली, बरोबर हाय. मंग मी रस्ता कशाला वलांडला रे?"

"खेडला न्या," मी सुचवले.

"घाटातनं? तूच बस एसटीत हे पोट घेऊन!"

मला यात बातमी दिसली. कोर्टाजवळच्या एका वकिलांना विचारले, मक्तेदारीविरुद्ध कायदा आहे ना? आहे, म्हणाले; पण विलीनीकरण आधी तपासायची कलमे काही वर्षांपूर्वीच वगळली गेली होती. "आणि असती, तरी पहिला प्रश्न, बाजार केवढा धरायचा? महाड, की थेट पनवेलपर्यंत?"

"दिवस भरलेली बाई एसटीने जाऊ शकेल तेवढा."

"हे कुठल्या कलमात बसवू?" ते हसले.

मी परतलो तोवर सासूने आपला मार्ग काढला होता. समोरच्या इमारतीत सुनेच्या नावाऐवजी आपल्या लग्नाच्या लेकीचे नाव सांगून नवा केसपेपर काढला, सुनेला एकटीला आत पाठवले आणि स्वतः बाहेर थांबली. नव्या नावाला जुनी फाईल नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासले. मूल आडवेच होते.

"आता करा," सासू म्हणाली.

संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप. मात्र भरतीच्या कागदांवर नाव लेकीचेच राहिले आणि जन्मदाखल्यावर आईच्या जागी आत्या लागली. आत्यासाठी तर स्थळे पाहणे चालू होते.

दुरुस्तीच्या प्रतिज्ञापत्रासाठी मी सासूला त्याच वकिलांकडे नेले. चूक कशी झाली, त्यांनी विचारले.

"लिवा, समोरचा डाक्टर ऱ्हायला नाय म्हनून."

वकिलांनी माझ्याकडे पाहिले आणि लिहिले, 'नजरचुकीने'. सासूने खाली अंगठा दिला.