लिहायला न लावणारा बालवर्ग

लातुरात आमच्या गल्लीत जिकडं बघावं तिकडं क्लास. कुठं बारावीचा, कुठं नीटचा, कुठं स्कॉलरशिपचा. त्याच गल्लीत मी घरातल्या पुढच्या खोलीत तीन-चार वर्षांच्या मुलांचा बालवर्ग काढला. पालकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, इथं मुलं गोष्टी ऐकतील, चिखलाचे बैल करतील, भांडतील आणि आपलं आपण मिटवतील. लिहायला कुणी लावणार नाही.

तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवाळीनंतर मात्र निम्मी मुलं परत आलीच नाहीत. दुसरीकडं जाणारी त्यांच्याच वयाची पोरं एबीसीडी गिरवायला लागली होती.

एका मुलीची आई निदान सांगायला तरी आली. त्यांचं भांड्यांचं दुकान होतं.

"मॅडम, पोरगी घरी नुसती गाणी म्हणायलीय. एक अक्षर काढता येईना. तिचे पप्पा म्हणतेत, खेळायला घरी जागा न्हाई का?"

"वर्गातून काढायचं तर काढा," मी म्हणाले. "पण आधी एक सकाळ इथं बसा. बोलू नका, नुसतं बघा."

त्या रात्री माझा धीर सुटत आला होता. नवरा बारावीच्या क्लासला गणित शिकवतो. मला वाटलं, तोही म्हणेल, दे पाट्या हातात. तो म्हणाला, "माझ्याकडची पोरं लई हुशार हायत. पण अडलं तर विचारत न्हाईत. चुकलं की हसतील, ही भीती लहानपणीच बसलेली असते. तू हटू नको."

ती आई खरंच आली आणि भिंतीला टेकून बसली. तिची मुलगी एका मुलाबरोबर पाण्यात खेळत होती. वाटीपेक्षा उंच पेल्यात जास्त पाणी मावतं, असं तो मुलगा ठासून सांगत होता. मुलीनं पेला भरून पसरट वाटीत ओतला. सगळं पाणी मावलं. "पुन्हा कर," तो म्हणाला. तिनं पुन्हा केलं. फ्रॉक भिजला तशी आई उठायला लागली. मी हातानंच बसा म्हटलं.

"मग हा पेला मोठा का दिसतो?" मुलीनं मला विचारलं.

"तुला काय वाटतं?"

तिनं पेला मुठीत धरला, वाटी धरायला गेली तर मूठ पुरेना. "हा बारीक हाय," ती म्हणाली.

आईनं वाटी उचलून हातात फिरवली. मग म्हणाली, "दुकानात हिनं भांड्याला हात लावला की आम्ही ओरडताव."

मुलगी वर्गात राहिली. तिच्या वडिलांना अजून पुरतं पटलेलं नाही. गेलेली बाकीची मुलंही आली नाहीत, ते वर्ष मूठभर मुलांवरच काढलं. जूनमध्ये मी फाटकावर ठळक अक्षरांत फलक लावला: इथे लहान मुलांना लिहायला लावत नाही. काहीजण तो वाचून तिथूनच गाडी वळवतात. काही आत येऊन तासभर वाद घालतात. वाद घालणाऱ्यांना मी चहा करते.